आणखी एक डबी

पाहुणा वाढला तर आमटीत पाणी वाढवावं, हे गृहशास्त्र आपल्याकडे इतकं जुनं आहे की त्याला शास्त्र म्हणायचंही कुणाच्या मनात येत नाही. आमटी पातळ होते, पण पाहुणा जेवून जातो. आणि 'आज आमटीला चव नाही' असं घरच्यांनी त्याच्यासमोर बोलायचं नसतं. पंगतीत एक पान वाढलं की बाकीच्यांच्या पानातला घास-घास कमी होतो, हा हिशेब आमच्या आजीला बी.कॉम. न होता येत होता. मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, गेली वीसेक वर्षं दुसऱ्यांचे हिशेब जुळवतो आहे. पण घरात आणखी एकाला जोडून घ्यायचं म्हणजे नेमकं कुणाचं किती कमी होतं, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो आमटीवरून नव्हे, वाय-फायवरून.

त्यासाठी आधी आमचं घर सांगायला हवं. घर रत्नागिरीचं, आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्याचं. नकाशा आगगाडीसारखा: पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी, गार्डाच्या डब्यासारखी, मागची खोली. वर माडी. ही मागची खोली पूर्वी बाळंतिणीची खोली होती. माझ्या वडिलांची नाळ तिथेच कापली गेली, म्हणजे या घरातलं पहिलं कनेक्शन तोडण्याचा मान त्या खोलीचा. आता तिथे माझी आई राहते.

चिऱ्याची दीड फुटी भिंत ही मोठी गुणी वस्तू आहे. ती ऊन अडवते, कोकणातला पाऊस अडवते, शेजारच्यांचं भांडण अडवते. तिचा एकच दोष म्हणजे काय अडवायचं आणि काय नाही हा विवेक तिच्याकडे नाही. फायबरची तार ओटीपर्यंत आली, तिथे राउटर बसला, आणि वाय-फाय ओटीवरच पाय दुमडून बसलं. माजघरात ते दबकत यायचं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडखळायचं आणि मागच्या खोलीकडे तर फिरकायचंच नाही. मोबाइलच्या टॉवरचं तेच. आईच्या कॉटवर बसून फोन पाहिला तर सिग्नलच्या चार काड्यांपैकी एक दिसते, तीही फोन खिडकीबाहेर धरला तर. चिरे फोडून तार न्यावी म्हटलं, तर आमच्या वायरमनने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि "काका, ड्रिल मोडेल" एवढंच म्हणून चहा घेतला.

त्यानेच मग ती डबी सुचवली. पॉवरलाइन अडॅप्टर हे तिचं पाळण्यातलं नाव. आमच्या घरात तिला डबीच म्हणतात. कल्पना अशी की, प्रत्येक खोलीत विजेची तार आधीच गेलेली आहे, मग नवी तार कशाला? एक डबी राउटरशेजारच्या प्लगमध्ये खोचायची आणि राउटरला जोडायची, दुसरी हव्या त्या खोलीत खोचायची. तारेतली वीज सेकंदाला 50 हेलकावे खात असते. डबी त्याच तारेवर सेकंदाला 20 लाख आणि त्याहून कितीतरी जास्त हेलकाव्यांची आपली बारीक लहर चढवते. समुद्राच्या मोठ्या संथ लाटेच्या पाठीवर वाऱ्याने शहारे उठावेत, तसं काहीसं. पलीकडची डबी मोठी लाट सोडून देते आणि शहारे तेवढे वाचते. दुसऱ्या डबीत वाय-फायची सोय असली की त्या खोलीत नवा झरा फुटतो. "म्हणजे प्लगाला हात लावला तर कुणाचं तरी बोलणं लागेल का रे?" असं आईने विचारलं होतं. शॉक लागेल, बोलणं लागणार नाही, असं मी सांगितलं. दोन्हींत फारसा फरक नसतो, असं तिचं मत पडलं.

तर पहिल्या दोन डब्या आल्या. एक ओटीवर आणि एक माडीवर, चिरंजीव आणि कन्या यांच्यासाठी. घर सुखी झालं. म्हणजे मुलं दिसेनाशी झाली.

आता गंमत पाहा. दोन डब्यांचं घर सुखाने चाललेलं असताना आईने एके दिवशी जेवताना सांगितलं, "मला पण एक डबी हवी. माझ्या खोलीत."

ताटावर जी शांतता पसरली, ती मी बँकेत फक्त तपासनीस अचानक आल्यावर अनुभवली आहे.

चिरंजीवांनी पहिली हरकत घेतली. तारेवरची जागा सगळ्यांत मिळून एकच असते. डब्या आळीपाळीने बोलतात. एक बोलत असताना दुसरीने थांबायचं, आणि दोघी एकदम बोलल्या तर दोघींनी गप्प होऊन पुन्हा पाळी धरायची. (हा नियम आमच्या घरातल्या माणसांना लागू नाही.) तेव्हा तिसरी आली की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येणार, आणि त्याच्या गेममधला माणूस नेमका मरायच्या वेळी अडकणार. पोराचं शास्त्र बरोबर होतं. त्यातून या डब्यांच्या खोक्यावर जो वेग छापलेला असतो, तो आणि हातात पडणारा वेग यांत आमच्या पगारपत्रकाइतकं अंतर असतं. 2001 साली 'होमप्लग'चं पहिलं मानक आलं तेव्हा कागदावर सेकंदाला 14 मेगाबिट होते, 2005 च्या 'होमप्लग एव्ही'त 200 झाले, आता खोक्यांवर हजाराच्या पुढचे आकडे असतात. पण तो झाला ग्रॉस. त्यातून तारेच्या लांबीची कपात, जुन्या वायरिंगची कपात, मोबाइलच्या चार्जरांनी केलेल्या कुरकुरीची कपात, विहिरीवरचा पंप चालू असेल तर त्याची कपात, आणि हिने खोबरं वाटायला मिक्सर लावला की ती वेगळी. हे सगळं वजा जाता जे उरतं ते नेट. या प्रकाराला नेट का म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा तिसऱ्या डबीने वाटा कमी होणार हे खरं. प्रश्न असा की, कमी झाल्याची तक्रार कोण करतो? गणपतीच्या दिवसांत कोकणकन्येच्या जनरल डब्यात जो माणूस ठाण्याला खिडकीतून पिशवी आत टाकून "अहो, थोडं सरका, माणुसकी दाखवा" म्हणत चढतो, तोच पनवेलला दारात आडवा उभा राहून "जागा नाही, जागा नाही" ओरडतो. माणुसकी तासाभरात संपते. आत आलेल्या माणसाला आपण केव्हा आत आलो याचा विसर फार लवकर पडतो. माडीवरची डबी येऊन आठ महिनेसुद्धा झाले नव्हते, पण चिरंजीव त्या तारेकडे वडिलोपार्जित इस्टेट म्हणून पाहत होते. वडिलोपार्जित म्हटली, तर त्या तारेवर आईचा हक्क आधी पोचतो. तार आजोबांनी ओढली, आणि विजेचं बिल तिच्या सासऱ्यांच्या नावावर येतं ते अजून बदललेलं नाही.

शिवाय वाटणी करताना नुसती पानं मोजून चालत नाही, भूकही बघावी लागते. समोरासमोर चेहरा पाहत बोलायला सेकंदाला एक-दोन मेगाबिट पुरतात. आमच्या नेटमध्ये ते पिठातल्या मिठाएवढं. म्हणजे आईच्या पानात वाढायचा होता तो लोणच्याचा एक खार, आणि त्यासाठी श्रीखंडाच्या वाटीवर हात झाकून बसलेले आम्ही. चिरंजीवांची हरकत तिथेच निकालात निघाली. निदान मी तसं जाहीर केलं.

पण दुसरी हरकत इतकी सोपी नव्हती, कारण ती थोरामोठ्यांची होती.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. निवृत्त शिक्षक, बोलतात ते फळ्यासमोर उभं राहून बोलल्यासारखं. डबीची वार्ता त्यांच्यापर्यंत गेली आणि ते ओटीवर येऊन म्हणाले, "अरे, माडीवर डबी लावलीस, मुलं वर गेली. आता म्हातारीच्या खोलीत लावशील, ती मागे जाईल. ओटीवर उरेल कोण? राउटर? नेट इथेच येतं म्हणून ती संध्याकाळी चार माणसांत येऊन बसते. घरात एखादी गोष्ट कमी असली की माणसं तिच्याभोवती जमतात. चूल एक म्हणून घर एक. उद्या खोलीखोलीत चूल दिलीस तर?"

अण्णांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. संध्याकाळी आई ओटीवर फोन घेऊन बसते, हे मलाही आवडतं. बँकेतून यावं, पाय धुवावेत आणि समोर आई दिसावी, यात सुख आहे. कमतरतेने माणसं जवळ येतात, हा तर आपल्या सगळ्यांचा लाडका सिद्धांत. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या वाडीत एकच टीव्ही होता आणि रविवारी सकाळी सगळी वाडी त्या एका घरात जमायची. किती एकोपा होता, असं आज ज्यांच्या तोंडून ऐकू येतं त्यांची मी एक पाहणी केली आहे. ही सगळी टीव्हीवाल्या घरातली, किंवा ज्यांना खुर्ची मिळायची अशी मंडळी आहेत. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि माझी जागा खिडकीबाहेर होती. गज धरून पाहताना मला राम दिसायचा, लक्ष्मण दिसायचा. सीता मात्र कपाटाच्या आड असायची. त्या घरातला माझ्याच वर्गातला मुलगा कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचा, आणि शनिवारी त्याच्याशी भांडण होऊ नये म्हणून मी आठवडाभर त्याची गणितं सोडवून द्यायचो. एकोपा होता, नाही म्हणत नाही. पण खिडकीतून पाहिला की तो वेगळा दिसतो.

अभावाचं कौतुक करणाऱ्याला म्हणून एक प्रश्न आधी विचारावा: बाबा रे, या अभावात तू कुठे बसला होतास?

बँकेतही हेच पाहतो. पूर्वी दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला जातीने यायची. 2014 च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' सुरू झालं आणि हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर, शाखेत न येताही देता येऊ लागला. तेव्हा आमचे एक साहेब हळहळले होते, "त्या निमित्ताने म्हातारी माणसं भेटायची हो!" भेटायची हे खरं. काठी टेकत, रिक्षाला पैसे देऊन, दोन तास रांगेत उभी राहून भेटायची. साहेब केबिनमध्ये बसून भेटायचे. आज काही आजोबा हयातीचा दाखला घरून देतात आणि तरीही महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यायला शाखेत येतात, काउंटरवर कोपर टेकून नातवाच्या गोष्टी सांगतात, मागची रांग खोळंबवतात. मला विचाराल तर हीच खरी भेट. आधीची हजेरी होती.

मला वाटतं, प्रश्नाची गाठ इथेच आहे. एकत्र बसणं चांगलं, यात वाद नाही. पण उठून जायची सोय असूनही जो बसून राहतो, त्याचंच बसणं खरं. ज्याला दुसरीकडे जागाच नाही तो बसला, तर त्याला सोबत म्हणायचं की अडकणं? तुरुंगातही माणसं एकत्र जेवतात. तिथल्या पंगतीला कुणी कुटुंबवत्सल म्हणत नाही.

आणि आईचं ओटीवर बसणं जरा जवळून पाहिलं तर काय दिसतं? तिची बहीण, माझी मावशी, दापोलीजवळ असते. दोघींनाही आता प्रवास झेपत नाही. रोज संध्याकाळी त्या फोनवर एकमेकींचं तोंड पाहतात. दोन बहिणी सत्तरी उलटल्यावर काय बोलतात? गुडघे, औषधं, कोण गेलं, आणि मुख्य म्हणजे मुलं आणि सुना. आता हा विषय ओटीवर, मुलाच्या आणि सुनेच्या समोर बसून कसा बोलायचा? बिचारी मावशी तिकडून विचारते, "काय म्हणते गं तुझी सून?" आणि इकडे सून दोन हातांवर बसून शेंगा सोलत असते. आई म्हणते, "बरी आहे." ते 'बरी आहे' ऐकून आमची ही रात्री मला विचारते, "बरी म्हणजे काय हो?" एका शब्दात तिघींची पंचाईत. कधी आई नुसतीच मान हलवते, कधी "तुला मागाहून सांगते" म्हणते. आणि ते मागाहून कधी येतच नाही, कारण मागच्या खोलीत नेट नाही. एकदा मावशी तिकडे रडत होती आणि आई इकडे, चार माणसांत, कोरड्या डोळ्यांनी "हो ना, हो ना" म्हणत होती. ते पाहून मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. त्यापलीकडे ओटीवर माणूस काय करणार?

माणसाला चार माणसं लागतात तसा एक बंद दरवाजाही लागतो. आमच्या पिढीने तो प्रायव्हसी या नावाने मागून घेतला, मुलांनी न मागता घेतला. आईच्या पिढीला तो मिळाला फक्त बाळंतपणात, तोही दहा-बारा दिवस, अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या धुरात.

पण अण्णांना हे पटवायचं कसं? मी माझी बँकेची रीत सांगितली. "अण्णा, एखाद्याला एखादी सोय त्याच्याच भल्यासाठी द्यायची नाही असं कुणी म्हणालं, की मी व्हाउचर मागतो. नावे कुणाच्या पडलं आणि जमा कुणाच्या झालं? डबी न देण्यात आईच्या नावे पडतं तिचं मोकळं बोलणं. जमा होतं ते माझ्या खात्यात, कारण संध्याकाळी मला आई समोर दिसते. तुमच्याही खात्यात थोडं होतं, कारण तुम्हाला बोलायला माणूस मिळतं. तिचं भलं तिच्या खात्यात कुठे जमा झालेलं दिसत नाही. ही एन्ट्री मी पास कशी करू?"

अण्णा म्हणाले, "तू बँकवाला, तुला सगळीकडे खातीच दिसायची." मात्र उठले नाहीत. चहा व्हायचा होता.

डबी आणायची ठरली तेव्हा वायरमनने एक बजावलं: घराणं बघून आणा. या डब्यांत 'होमप्लग' हे एक घराणं आणि 'जी.एचएन' हे दुसरं. एकाच तारेवर बसतील, पण दोन्हींत रोटीबेटीचा व्यवहार नाही. लग्नात सगोत्र चालत नाही, इथे सगोत्रच चालतं. आणि एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावा. घरात थ्री फेज असेल तर दोन्ही डब्या एकाच फेजवर आहेत का ते पाहा. आमची मागची खोली नशिबाने ओटीच्याच फेजवर निघाली.

जोडणीचा विधी मात्र मला मनापासून आवडला. आधीच्या डबीचं बटण दाबायचं आणि मग दोन मिनिटांच्या आत नवीचं. मुहूर्त टळला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात माझ्या हृदयाला भिडलेली गोष्ट अशी की, कारखान्यातून निघताना या घराण्यातल्या डब्यांचा परवलीचा शब्द बहुतेकदा एकच असतो, आणि तारेवरचे ते शहारे मीटरपाशी थांबतातच असं नाही. मीटर युनिटं मोजतं, गप्पा अडवत नाही. तेव्हा शेजारीही तशीच डबी असेल, तर निदान तत्त्वतः तुमचं बोलणं त्यांच्या भिंतीत जाऊ शकतं. बटण दाबलं की या घरच्या डब्या आपसात एक नवी किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद करतात. म्हणजे यंत्राच्या कारागिरांनाही कळलं होतं की माणसांना जोडायचं तर आधी त्यांच्या बोलण्याला दार लावायला हवं. हे मी अण्णांना मुद्दाम दोनदा समजावून सांगितलं.

लग्न ओटीवर, शेजारशेजारच्या दोन प्लगांत लावलं. पहिलं बटण मी दाबलं, दुसरं आईने. हिने घड्याळ धरलं. चिरंजीवांनी, हरकत राखून ठेवून, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड नवीवर उतरवून दिला. दिवे स्थिरावल्यावर डबीची पाठवणी झाली आणि माजघर, स्वयंपाकघर ओलांडून ती मागच्या खोलीत नांदायला गेली.

आता रोज संध्याकाळी सहाला आई फोन घेऊन मागे जाते आणि दार ओढून घेते. अर्धा तास, कधी पाऊण. आणि अण्णांना वाटलं होतं तसं काही झालेलं नाही. त्या अर्ध्या तासात आमची ही शेंगा घेऊन माजघरात बसते, मी वर्तमानपत्र घेऊन तिच्याजवळ, कन्या माडीवरून पाणी प्यायला म्हणून येते ती परत जात नाही, आणि चिरंजीवही गेम सोडून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकलेले असतात. सगळं कुटुंब इतकं जवळ, इतकं गप्प, इतकं एकचित्त मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कान सगळ्यांचे मागच्या खोलीकडे. पण ती चिऱ्याची दीड फुटी भिंत, एक अक्षर बाहेर येऊ देत नाही.